कार्लाइलचा 1912चा हंगाम

पेनसिल्व्हानियातल्या कार्लाइल गावी, लष्कराच्या जुन्या बराकींत, 1879 साली कॅप्टन रिचर्ड हेन्री प्रॅट यांनी अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलं आली की त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, मातृभाषा बोलू द्यायची नाही. मूलनिवासीपण पुसून टाकणं हे या शाळेचं उघड उद्दिष्ट होतं. अशा शाळेतल्या पोरांनी अमेरिकन फुटबॉलला वेगळं वळण लावलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

एका खेळाडूचा पाय मोडल्यावर प्रॅटनी बाहेरच्या संघांशी खेळणं बंद केलं होतं. तेव्हा चाळीसेक विद्यार्थी त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. प्रॅट नमले, पण दोन अटी घालून: मैदानात कुणावर हात उगारायचा नाही आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघांना हरवून दाखवायचं.

कार्लाइल कॉलेज नव्हतं, पण सामने हार्वर्ड, पेनसिल्व्हानिया या विद्यापीठांशी होत, आणि बहुतेक त्यांच्याच मैदानांवर. त्या काळी हा खेळ म्हणजे नुसती धडकाधडकी. 1905मध्ये खेळाडूंचे मृत्यू इतके वाढले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना मध्ये पडावं लागलं, आणि पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. कार्लाइलची पोरं अंगाने लहान. वजनाच्या बळावर ती जिंकणं शक्य नव्हतं. प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनी मग त्यांच्या चपळाईवर सगळी भिस्त ठेवली. 1907मध्ये फेकीच्या जोरावर त्यांनी पेनसिल्व्हानियाला 26-6 असं हरवलं, तर 1911मध्ये हार्वर्डला 18-15.

1912 साली नियम पुन्हा बदलले: चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला तीनऐवजी चार प्रयत्न, आणि टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेण्याला, पाचऐवजी सहा गुण. वेगवान संघाला हे मानवलं. स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकून आलेला जिम थॉर्प हाफबॅक, म्हणजे मागून चेंडू घेऊन धावणारा, होता; गस वेल्श क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा. आदल्या वर्षी एका गुणाने हरवणाऱ्या सिरॅक्यूजला त्यांनी 33-0 असं लोळवलं.

9 नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी गाठ पडली. ज्या सैन्याने या पोरांच्या वाडवडिलांशी लढाया केल्या, त्याचे भावी अधिकारी समोर होते. त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुणही होता. वॉर्नरनी त्या दिवशी नवी मांडणी वापरली. मागचे दोन खेळाडू दोन्ही बाजूंना, पुढच्या फळीच्या टोकांशी उभे राहत. चेंडू कुणाच्या हाती जाणार याचा बचाव करणाऱ्यांना अंदाज येईना. कबड्डीतला चढाईपटू हूल देतो तसंच ते होतं. थॉर्पला रोखायला सगळे धावत, तोवर ॲलेक्स आर्कासा निसटलेला असे. कार्लाइल 27-6 असं जिंकलं. पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हानियाकडून ते 34-26 असे हरले. हंगामाचा हिशेब: बारा विजय, एक पराभव, एक बरोबरी.

जानेवारी 1913मध्ये थॉर्प पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं उघड झालं आणि त्याची पदकं गेली. 1914मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने शाळेची चौकशी केली. वेल्शसह काही खेळाडूंनी वॉर्नरविरुद्ध साक्ष दिली. त्या वर्षीच्या हंगामानंतर वॉर्नर पिट्सबर्गला गेले आणि 1918मध्ये शाळाच बंद झाली. दोन वर्षांनी ओहायोतल्या कँटनमध्ये व्यावसायिक संघांनी एकत्र येऊन एक संघटना उभारली. आजची एनएफएल ती हीच, आणि तिचा पहिला अध्यक्ष होता जिम थॉर्प.