'याची' किळस की 'तुझी' किळस?

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत वर्गात डबे उघडले. एकीच्या डब्यात होती सुकटीची चटणी. शेजारची नाक दाबून म्हणाली, "ई! मला याची किळस येते." इथवर एक वेळ ठीक होतं. पण लगेच तिने पुढचं वाक्य टाकलं, "मला तुझीच किळस येते!" झालं! पहिलीने डब्याचं झाकण लावलं, ते शाळा सुटेपर्यंत उघडलंच नाही.

शब्द तोच. फक्त 'याची'च्या जागी 'तुझी' आलं. केवढा फरक पडला, पाहिलंत?

नासलेलं दूध दिसलं की नाक आपोआप मुरडतं, पोटात ढवळतं. ती किळस. फारच आली तर म्हणायचं, शिसारी आली. ही किळस उपयोगाची बरं का! खराब अन्नापासून ती आपल्याला वाचवते. रोज रोज दुधीची भाजी खाऊन येतो तो वीट. आणि खोटेपणाचा, चहाडीचा वाटतो तो तिटकारा. किळस पोटातून येते, तिटकारा मनातून.

म्हणजे वस्तूची किळस, वाईट वागण्याचा तिटकारा. माणसाला मात्र यातलं काहीच चिकटवू नये.

आता एक गंमत. 'घृणा' म्हणजे तिरस्कार, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग 'निर्घृण' म्हणजे तिरस्कार नसलेला, म्हणजे प्रेमळ? छे! निर्घृण म्हणजे निर्दय. असं कसं? कारण संस्कृतात 'घृणा' शब्दाचा दया असाही अर्थ आहे. एकाच शब्दात तिरस्कार आणि दया!

माणसाच्या मनातही ही दोन्ही असतात. रस्त्याकडेला पडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आमटे आधी घाबरून दूर निघून गेले होते. पण मन खाऊ लागलं, तसे ते परत फिरले आणि त्यांनी त्याची सेवा केली. पुढे १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. वरोऱ्याजवळचं आनंदवन तिचंच.

किळस येणं आपल्या हातात नसतं. पण ती आल्यावर काय बोलायचं, काय करायचं, हे तर आपल्याच हातात असतं ना? तेव्हा पुढच्या वेळी तोंडातून "ई!" निघालं, की पुढचा शब्द जरा थांबून बोला. समोरच्याचा डबा उघडाच राहील.