एकोणचाळीस मावळे आणि एक प्यादं

माझ्याकडे १९८७ सालची एक दोनशेपानी वही आहे. तिच्या मधल्या एका पानावर निळ्या शाईत गणित मांडलंय : मावळे तीनशे, कडा चढण्याची शक्यता शेकडा ८७, पडणारे ३९. त्याखाली लाल पेन्सिलीनं, वेगळ्या हस्ताक्षरात, एकच शब्द लिहिलाय : ‘कशाला?’

गणित माझं, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. लाल पेन्सिल आप्पांची. आप्पा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या वाड्यात ते खालच्या दोन खोल्यांत राहत. उभा जन्म छापखान्यात जुळारी म्हणून गेला, त्यामुळे कुठलाही कागद दिसला की त्यावर खूण केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्या एका शब्दावर मी गेली काही वर्षं विचार करतो आहे. खेळाचे नियम खरे कधी वाटतात, हा या लेखाचा प्रश्न त्यातूनच निघाला.

आधी त्या गणिताची पार्श्वभूमी सांगायला हवी. त्याच्या आदल्या वर्षी माझा आतेभाऊ अमेरिकेहून सुट्टीला आला आणि जाताना एक लाल खोकं ठेवून गेला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची ती १९८३ सालची प्राथमिक आवृत्ती होती. आत दोन पुस्तिका, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे सहा फासे आणि फाशांवरचे कोरीव आकडे रंगवून उठावदार करण्यासाठी एक मेणाचा खडू. पट नाही, सोंगट्या नाहीत. हा खेळ बोलून खेळायचा. एक जण सूत्रधार होतो. तो भुयार, किल्ला, राक्षस यांचं वर्णन करतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार होतात आणि ‘मी दार ढकलतो’, ‘मी कानोसा घेतो’ असं सांगत जातात. परिणाम अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ साली तो तीन छोट्या पुस्तिकांत प्रथम छापला. दोघंही शिशाच्या सैनिकांच्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या मंडळींपैकी होते, आणि सगळ्या सैन्याऐवजी एकाच माणसाला चालवायचं ही त्यांची मोठी उडी.

आम्ही चौघं ओसरीवर खेळायचो. आप्पा आरामखुर्चीत पेपर वाचत असल्याचं दाखवत ऐकायचे. पहिली हरकत त्यांनी तिसऱ्या दिवशी घेतली.

‘‘अरे, त्या योद्ध्याला तलवार लागली ना?’’

‘‘हो आप्पा. आठातले सात गेले. एक राहिला.’’

‘‘मग तो लंगडत कसा नाही?’’

नियमाप्रमाणे तो लंगडत नव्हता. प्रत्येक पात्राला ‘हिट पॉइंट’ असतात, त्यांना आपण प्राणांक म्हणू. पहिल्या पातळीच्या योद्ध्याला आठबाजूच्या फाशावर पडतील तेवढे, आणि साध्या तलवारीचा घावही आठबाजूच्याच फाशावर मोजायचा. प्राणांक आठ असोत की एक, माणूस तितक्याच जोरानं लढतो. शून्य झाला की मेला. आप्पा तरुणपणी तालमीत दांडपट्टा शिकलेले. मनगटाला नुसता मुका मार बसला तरी पट्टा फिरवणं कसं थांबतं, हे त्यांनी आम्हाला उभं राहून दाखवलं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ही हरकत घेणारे आप्पा एकटे नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. आर्नसनच्या खेळगड्यांना आपला नायक एका फटक्यात मरणं सहन होईना, म्हणून त्यानं जहाजांच्या लढाईच्या खेळातली कल्पना उचलली : जहाज एका गोळ्यानं बुडत नाही, किती मार खाऊ शकतं ते मोजता येतं. माणसाला जहाजाचा हिशेब लावला तो असा. त्यावर इतकी टीका झाली, की गायगॅक्सला १९७९ साली सूत्रधारासाठीच्या ग्रंथात खुलासा करावा लागला : प्राणांक म्हणजे निव्वळ रक्तमांस नव्हे, त्यात कौशल्य, नशीब, दैवी कृपा असं सगळं धरलेलं आहे. वकिली खुलासा आहे हा. पण खोटा नाही.

दुसऱ्या बाजूनं, ‘खऱ्या’ लढाईच्या शोधात निघालेले नियमही आले. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’चा एक कर्ता स्टीव्ह पेरिन मध्ययुगीन चिलखतं घालून प्रत्यक्ष झुंजणाऱ्या हौशी मंडळींतला होता. त्याच्या खेळात घाव हाताला की पायाला की डोक्याला, हे वीसबाजूच्या फाशानं ठरतं. पाय गेला की माणूस पडतो. १९८० च्या ‘आर्म्स लॉ’नं तर एकेका शस्त्राला एकेक स्वतंत्र कोष्टक दिलं, आणि त्यात समोरच्या चिलखताचे वीस प्रकार. आप्पा खूश झाले असते असं आधी वाटेल. मला तसं वाटत नाही. त्याचं कारण त्यांचं बुद्धिबळ.

आप्पा देशी बुद्धिबळ खेळत. त्यांचा मूळ पट आणि मोहरी १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात गेली. नंतर त्यांनी पाटावर खडूनं घरं आखली आणि छापखान्यातल्या टाकाऊ लाकडी ठोकळ्यांची मोहरी केली. त्यांचे नियम आज शाळेत शिकवतात त्याहून वेगळे होते. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकणार. राजाला किल्ला बांधणं नाही; त्याऐवजी, एकदाही शह लागलेला नसेल तर साऱ्या डावात एकदा त्यानं घोड्यासारखी अडीच घरं उडी मारावी. प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं की ते ज्या घरात पोचलं त्या घराचं मोहरं होणार : हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, आणि राजा-वजिराच्या घरातच फक्त वजीर.

शाळेत मी शिकलो होतो की प्यादं कुठेही पोचलं तरी वजीर होतं. आप्पांना ते हास्यास्पद वाटे. ‘‘पागेत पोचलेला शिपाई स्वार होईल. एकदम वजीर कसा होईल?’’

हे नियम आमच्या घरापुरते नव्हते. एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ सालच्या बुद्धिबळाच्या इतिहासात भारतीय खेळाचं वर्णन आहे, त्यात राजाची घोडउडी आणि घरानुसार बढती ही दोन्ही सापडतात. मूळच्या पैठणच्या, पण काशीला स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठानं सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला. त्याच्या ‘नीतिमयूखा’तही बुद्धिबळाला जागा आहे. १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं गेलं, तेव्हा ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचं शीर्षकातच सांगितलं होतं. म्हणजे बदलाची चाहूल तेव्हाच लागली होती.

खेळात खरेपणा आणायचा एक जुना मार्ग म्हणजे चित्र काढणं. अल्बेरुनीनं अकराव्या शतकात भारतातल्या ज्या खेळाचं वर्णन केलं, त्यात हत्ती एक घर पुढे आणि चारही कोपऱ्यांत एकेक घर जातो : चार पाय आणि एक सोंड. मोठी गोड कल्पना आहे, पण खेळणाऱ्याला ती हत्तीसारखा विचार करायला लावत नाही. घरानुसार बढतीचं तसं नाही. तिच्यामुळे प्रत्येक पट्टीची किंमत वेगळी होते. हत्तीच्या पट्टीतलं प्यादं जपावं की वजिराच्या पट्टीतलं पुढे रेटावं, हे डावाच्या सुरुवातीपासून मनात ठेवावं लागतं.

त्याहून विलक्षण बुर्जीचा नियम. प्रतिपक्षाची सगळी मोहरी मारली आणि राजा एकटा उरला, तर ती बुर्जी, डाव बरोबरीचा. म्हणजे जिंकणाऱ्यानं हावरटपणे सगळं साफ करायचं नाही. शेवटचं एक तरी मोहरं जिवंत ठेवायचं, त्याचा उपद्रव सोसायचा आणि मात करायची. ती मात प्याद्यानं केली तर प्यादेमात, सगळ्यांत मानाची. ज्याच्याकडे सैन्यच उरलं नाही त्याला हरवून काय मिळवलंत, असा या नियमाचा प्रश्न. ‘आर्म्स लॉ’च्या सगळ्या कोष्टकांत हा प्रश्न कुठेही येत नाही.

जुनं ते सोनं असं मात्र मी म्हणणार नाही. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांमुळे देशी डावाची सुरुवात रेंगाळते. पंजाबचा मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला; १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं त्यानं जिंकली, पण डावाचा आरंभ हीच त्याची कच्ची बाजू राहिली. एका नियमावर जगभर खेळता येणं हा मोठाच लाभ आहे. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्याबरोबर विभागून मिळवलं. असं काही पेठेपेठेच्या नियमांवर होणं शक्यच नव्हतं. गेलं ते एवढंच, की नियमाबद्दल वाद घालायची सवय गेली.

आता वहीकडे. आम्ही लाल खोक्यातले नियम घेऊन सिंहगड खेळायचं ठरवलं. सरळ कडा फक्त चोराला चढता येतो आणि पहिल्या पातळीच्या चोराला ती शक्यता शेकडा ८७. म्हणून मी सगळे मावळे चोर केले (यावरही आप्पांचं एक स्वतंत्र भाषण झालं) आणि वरचं गणित मांडलं.

‘‘एकोणचाळीस माणसं दरीत पडल्यावर गड झोपून राहील होय रे?’’

‘‘पण आप्पा, नियमच तसा आहे.’’

‘‘नियम असू दे. तीनशे वेळा फासे टाकायला कुणी सांगितलं? पहिला चढेल. तो दोर सोडेल. बाकीचे दोरानं येतील.’’

मला तेव्हा ही पळवाट वाटली. पुढे सभासदाची बखर वाचली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीत लिहिलेल्या या बखरीत घोरपड नाही. निवडक दोन मावळे आधी कडा चढतात, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी लावतात आणि तीनशे माणसं त्यावरून जातात. आप्पांनी बखर वाचली होती की तालमीतल्या अनुभवावरून बोलले, हे विचारायचं राहिलं. १९९४ साली ते गेले.

८७ हा आकडा चुकीचा नव्हता. चूक फासे कधी टाकायचे यात होती. प्रशियाच्या सैन्यात हाच वाद आमच्या शंभर वर्षं आधी झडला होता. राइसविट्झनं १८२४ साली अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम केले, ते फासे आणि कोष्टकांनी भरलेले. १८७६ साली व्हर्डी दु व्हर्न्वानं सांगितलं की कोष्टकं बाजूला ठेवा, युद्ध पाहिलेला पंच निर्णय देईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा सूत्रधार हा अशा पंचाच्याच कुळातला. पण अशा पंचाला काहीतरी पाहिलेलं असावं लागतं. आम्ही सोळा वर्षांच्या पोरांनी पायरीच्या वाटेनं चढलेला सिंहगड आणि पिठलं-भाकरी यापलीकडे काय पाहिलं होतं?

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही सिंहगड पुन्हा खेळलो, या वेळी आप्पा सूत्रधार. फासे त्यांनी साऱ्या रात्रीत चारदा टाकायला लावले. पहिल्या मावळ्याच्या चढाईला मी फासे हातात घेतले, तेव्हा ओसरीवर कुणी बोलत नव्हतं.

त्यानंतर आम्ही बुद्धिबळाचा एक डाव खेळलो, आप्पांच्या नियमांनी. माझं सगळं संपलं होतं; राजा आणि हत्तीच्या पट्टीतलं एक प्यादं उरलं होतं. ते प्यादं त्यांच्या उंटाच्या तोंडात होतं. त्यांनी ते मारलं नाही. मी ते एकेक घर पुढे नेत राहिलो, ते हत्ती होणार या आशेवर, आणि आप्पा त्यांचं प्यादं एकेक घर माझ्या राजाकडे आणत राहिले. माझं प्यादं शेवटच्या घरापासून एक घर अलीकडे असताना त्यांनी लाकडी ठोकळा पुढे सरकवला, पाटावर दोनदा टिचकी मारली आणि आतल्या खोलीत हाक दिली, ‘‘अगं, फराळाचं आण. पोरगं प्यादेमात झालंय.’’