‘रोबोट’ : शब्दाचे कुळ आणि रसिकाचे वेड

रोबोटाची चित्रे जमविणारा, त्याच्या चित्रकथा वाचणारा, पुठ्ठ्याच्या वा पत्र्याच्या त्याच्या प्रतिमा स्वहस्ते घडविणारा रसिक आज अनेक देशांत आढळतो. त्याच्या मनातील आकृती बहुधा ठरलेली असते : धातूचे चौकोनी धड, खिळ्यांचे सांधे, दिव्यांचे डोळे. मूळ शब्दात मात्र धातूचा लवलेश नाही.

कारेल चापेक ह्या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले. त्यातील रोबोट रासायनिक प्रक्रियेने निर्मिलेल्या सजीव द्रव्याचे असून दिसण्यात माणसांसारखेच आहेत. चापेकाने १९३३ साली सांगितलेल्या आठवणीनुसार, त्याच्या मनात लॅटिनमधील श्रमवाचक शब्दावरून साधलेले ‘लाबोरि’ हे नाव होते. परंतु ते त्यास पुस्तकी वाटले. तेव्हा चित्र रंगविण्यात गढलेला त्याचा बंधू योसेफ याने ‘रोबोट’ हा शब्द सुचविला. रोबोटाचे नामकरण एका चित्रकाराने केले, ही गोष्ट चित्ररसिकांस सुखावणारी खरी!

चेक ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करावयाची मजुरी, म्हणजेच वेठ. हॅब्सबर्ग साम्राज्यात ती १८४८ साली रद्द झाली. शब्दाच्या मुळाशी प्राचीन स्लाव्ह ‘ओर्ब्-’ हे अंग असून वर्णविपर्ययाने त्याचे चेकमध्ये ‘रोब-’ झाले. जुन्या चेकमध्ये ‘रोब’ म्हणजे दास, तर ‘रोब्ये’ म्हणजे तान्हे मूल. ग्रीक ‘ऑर्फनॉस’ (पोरका), जर्मन ‘आर्बाइट’ (काम) आणि संस्कृत ‘अर्भ’ ही सामान्यतः ह्याच कुळातील मानली जातात. अर्थात मराठीतील ‘अर्भक’ हा रोबोटाचा दूरचा आप्त ठरतो. पोरके मूल परक्या घरी राबते, असा अर्थविकासाचा क्रम कल्पिला जातो. येथे ‘राबणे’ हे क्रियापदही त्याच कुळात ओढण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. भारतीय शाखेत मूळ वर्णक्रम व महाप्राण ‘भ’ टिकून आहेत. तेव्हा हे ध्वनिसादृश्य आगंतुक होय.

धातूचा देह शब्दास पुढे चिकटला. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) ह्या जर्मन चित्रपटातील, शिल्पकार वाल्टर शुल्झे-मिट्टेनडॉर्फ याने घडविलेली यांत्रिक स्त्रीमूर्ती ह्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जपानात ओसामु तेझुका याच्या चित्रकथेतील बालरोबोट ‘आतोमु’ १९५१ पासून ‘शोनेन’ मासिकातून वाचकांपुढे आला. अपघातात दगावलेल्या मुलाच्या जागी एक शास्त्रज्ञ त्यास घडवितो. पण तो वाढत नाही असे दिसताच त्यास सर्कशीला विकून टाकतो. अर्भक, पोरका आणि दास हे तिन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत. तेझुकाने व्युत्पत्ती पाहिली होती असे मानण्याचे कारण नाही. तरीही हा योग विलक्षण आहे.

मराठी ‘यंत्रमानव’ हा शब्द सुबोध आहे, परंतु त्यात वेठही नाही आणि पोरकेपणही नाही. रोबोट वस्तू की व्यक्ती, हा प्रश्न मात्र व्याकरणाने जागता ठेवला आहे. चेकमध्ये नाटकातील सजीव रोबोटांचे अनेकवचन आणि स्वयंपाकघरातील यंत्रांचे निर्जीववाचक अनेकवचन ही लेखनात व उच्चारातही वेगळी पडणारी रूपे आहेत. मराठीतही भेद कानाला जाणवतो. ‘रोबो कपाटात ठेवला’ असे वस्तूविषयी म्हणतात. स्वतः घडविलेल्या प्रतिमेविषयी बोलताना रसिक नकळत ‘रोबोला कपाटात ठेवले’ असे म्हणून जातो.