घोड्यासह मुक्काम: तळ कसा निवडावा

स्वतःचा घोडा ट्रेलरमध्ये चढवायचा आणि दोन-चार दिवस जंगलात मुक्कामाला जायचे, हा अमेरिकेतला रुळलेला छंद आहे. तिथल्या राष्ट्रीय वनांत, राष्ट्रीय उद्यानांत आणि राज्यांच्या उद्यानांत त्यासाठी वेगळे तळ राखलेले असतात. त्यांना ‘हॉर्स कॅम्प’ म्हणतात. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात गाडीने थेट पोहोचता येईल असे पाच हॉर्स कॅम्प आहेत. मिशिगनमध्ये दोन महासरोवरांच्या किनाऱ्यांना जोडणारा ‘शोअर-टू-शोअर’ नावाचा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा मार्ग आहे. त्यावर एका दिवसाच्या रपेटीच्या अंतराने मुक्कामाच्या जागा आहेत. पर्याय भरपूर असल्यामुळे निवड करावी लागते आणि ती चुकली की सहल फसते.

नवखा स्वार तळ शोधताना आधी वाटांचा नकाशा आणि डोंगरदऱ्यांची छायाचित्रे पाहतो. पण दिवसाची रपेट असते पाच-सहा तासांची. उरलेले अठरा तास घोडा तळावरच असतो, आणि त्यातली रात्र त्याच्यासाठी परक्या जागेची, परक्या वासांची आणि शेजारच्या परक्या घोड्यांची असते. घोडा हा धोका दिसताच पळत सुटणारा प्राणी. त्याला बांधून किंवा कोंडून ठेवल्यावर तो शांत राहील की नाही, हे तळाच्या रचनेवर पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून तळ पारखताना घोडा रात्र कुठे आणि कशी काढणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

‘घोड्यांना परवानगी आहे’ या वाक्यावर विसंबून निघणे धोक्याचे असते. त्याचे तीन निरनिराळे अर्थ निघू शकतात: वाटेवर घोडा चालतो, पण ट्रेलर संध्याकाळपर्यंत बाहेर काढावा लागतो; घोडा रात्री राहू शकतो, पण तंबूजवळ नव्हे, दूरच्या सामाईक तबेल्यात; किंवा घोडा आणि माणूस एकाच जागेत राहू शकतात. हे फोन करून स्पष्ट विचारून घ्यावे. एका जागेत किती घोडे चालतात, खच्ची न केलेला नर आणता येतो का, कुत्री मोकळी असतात का, हेही त्याच फोनवर कळते. दुर्गम रानात माणसे आणि जनावरे या दोहोंच्या संख्येवर मर्यादा असते. मोठ्या टोळक्याने निघणाऱ्यांना ती बहुतेक वेळा फाटकावर पोहोचल्यावरच समजते.

गाडीचा प्रश्न त्या मानाने सोपा. ट्रक आणि घोड्यांचा ट्रेलर मिळून पन्नास फुटांच्या आसपास लांबी होते. एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी जागा असली, तर अंधारात ट्रेलर मागे घेण्याची कसरत टळते. शेवटच्या काही किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे का, वळणे किती अरुंद आहेत, झाडांच्या फांद्या किती खाली आल्या आहेत, पुलाची भारक्षमता किती, एवढे विचारले की पुरे.

रात्री घोडा ठेवण्याचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला म्हणजे तळावर बांधलेले पक्के कोंडाळे, म्हणजे ‘कोरल’. ऑरेगन राज्यातल्या समुद्रकाठच्या नेहॅलेम बे उद्यानात किंवा साउथ डकोटातल्या कस्टर उद्यानाच्या फ्रेंच क्रीक तळावर अशी सोय आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच प्रकार निवडावा. मात्र घोडा आत सोडण्यापूर्वी कोंडाळ्याभोवती पायी एक फेरी मारलीच पाहिजे. आडवे बार हाताने हलवून बघावेत. ते लाकडी असतील तर बाहेर आलेले खिळे शोधावेत. फाटकाची कडी घोड्याला ओठांनी उघडता येईल अशी तर नाही ना, हे पाहावे. काही घोडे या कलेत पटाईत असतात. जमिनीवर आधीच्या मुक्कामातली गवताच्या गठ्ठ्यांची तार, सुतळी किंवा बुरशी धरलेले गवत पडलेले असते, ते उचलून टाकावे. जमीन किंचित उताराची असावी, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही. निव्वळ वाळू असेल तर गवत जमिनीवर न टाकता जाळीत किंवा टोपलीत द्यावे. वाळू गवताबरोबर पोटात जाऊन आतड्यात साठते.

दुसरा प्रकार स्वतः वाहून नेलेल्या कुंपणाचा. त्यात हलके लोखंडी पॅनेल किंवा बॅटरीवर चालणारी विजेची पट्टी वापरतात. विजेच्या पट्टीची ओळख घोड्याला घरीच झालेली नसेल, तर रात्री हरणाच्या एका उडीने बिचकून तो ती तोडतो आणि सकाळी कुंपणही नसते, घोडाही नसतो.

तिसरा प्रकार ‘हायलाइन’. घोड्याच्या डोक्याच्या वर, सात फुटांच्या आसपास उंचीवर दोन मजबूत झाडांमध्ये दोर ताणून बांधायचा आणि घोड्याची दोरी त्याला अडकवायची. झाडाच्या सालीत दोर रुतू नये म्हणून खोडाभोवती निदान दोन इंच रुंदीचा पट्टा घालतात. घोड्याची दोरी मोठ्या दोरावर घसरत झाडापर्यंत जाऊ नये, म्हणून ठरावीक जागी गाठ किंवा कडी बसवतात. दोरीची लांबी नेमकी हवी. तोंड जमिनीवरच्या गवतापर्यंत पोहोचावे, पण पाय दोरीत अडकू नये. दोन घोडे एकमेकांना लाथ मारू शकणार नाहीत इतके अंतर ठेवावे लागते. तेव्हा तळ पाहताना झाडे आहेत का, एवढे बघून भागत नाही. ती पुरेशी जाड आहेत का, त्यांच्यामधले अंतर जुळते का, मधली जमीन टणक आणि कोरडी आहे का, वर वाळलेली फांदी लटकत नाही ना, हे सगळे बघावे लागते.

घोडा थेट खोडाला बांधण्यास बहुतेक तळांवर बंदी असते. कंटाळलेला घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मुळे उघडी पाडतो आणि साल कुरतडतो. अशाने झाड मरू शकते. मराठी मुलखात पागेचे घोडे मेखा ठोकून अगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून आणि मागून बांधले जात. त्यासाठी झाड लागत नसे, पण लहानपणापासून सवय लावलेला घोडा लागे. हीच गोष्ट हायलाइनला लागू आहे. एक-दोन रात्री घरच्या आवारात बांधून पाहिल्याशिवाय कोणताही घोडा जंगलात बांधू नये.

पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर सहल पशुवैद्याच्या दारात संपते. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात आणि चढणीच्या रपेटीनंतर त्याहूनही जास्त. दोन घोडे आणि तीन दिवस धरले, तर दोनशे लिटरच्या वर हिशेब जाऊ शकतो. तळावर नळ नसेल तर एवढे पाणी घरून न्यावे लागते. ‘जवळच ओढा आहे’ या माहितीची खातरजमा करावी, कारण पश्चिमेकडच्या राज्यांत ऑगस्टमध्ये कितीतरी ओढे आटलेले असतात. शिवाय पाणी असूनही घोडा पीत नाही, हा अनुभव नेहमीचा. चव किंवा वास वेगळा लागला की तो तोंड फिरवतो. कमी पाणी आणि कोरडे गवत यांमुळे आतड्यात बोळा अडकून पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे हा पोटशूळ जिवावर बेतू शकतो. जाणकार लोक घरीच चार-सहा दिवस पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालून त्याची सवय लावतात आणि मग तीच चव तळावरच्या पाण्याला देतात.

चाऱ्याचे गणित सरळ आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे एका घोड्याला रोज सात ते दहा किलो वाळके गवत लागते. तळावर चरण्यावर विसंबू नये; बहुतेक ठिकाणी चरायला बंदी तरी असते किंवा गवत तरी नसते. पश्चिमेकडच्या राष्ट्रीय वनांत आणखी एक अट असते: गवत तणमुक्त असल्याचे प्रमाणित हवे. बाहेरून आलेल्या तणांचे बी गवतातून रानात पसरते आणि तिथल्या मूळ वनस्पतींना हटवते. तपासलेल्या गठ्ठ्यांना खुणेची सुतळी किंवा बिल्ला असतो. तणाचे बी घोड्याच्या पोटातूनही जिवंत बाहेर पडते, म्हणून निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासूनच हे गवत सुरू करावे लागते. असे गवत जवळपास विकत मिळते का, हे तळ ठरवण्यापूर्वीच बघावे.

गवताचा साठा शेकोटीच्या जागेपासून दूर ठेवता येईल इतकी जागा तळावर हवी. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात नेमकी हीच काळजी दिसते. दाणा-वैरण जपून पुरवावी, गवताजवळ आगट्या पेटवू नयेत, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील, असे त्यांनी बजावले होते. आजच्या तळावर दिव्याच्या वातीची जागा सिगारेटने आणि पोर्टेबल शेगडीने घेतली आहे.

झाडांची पारख सावलीपुरती करून चालत नाही. पूर्वेकडच्या राज्यांत सर्रास आढळणाऱ्या लाल मेपलची सुकलेली पाने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. वादळात मोडून पडलेल्या रानटी चेरीच्या फांदीवरची कोमेजलेली पाने सायनाइडमुळे घातक ठरतात. काळ्या अक्रोडाचा भुसा नुसता पायाखाली आला तरी खुरांचा दाह होतो. कॅलिफोर्नियात रस्त्याकडेला लावलेली कण्हेर, जी महाराष्ट्रात परड्यात फुलासाठी लावतात, तीही तितकीच विषारी. बांधलेला, कंटाळलेला घोडा तोंडासमोर येईल ते चघळतो. त्यामुळे ही झाडे त्याच्या आवाक्याबाहेर असणे महत्त्वाचे.

कागदपत्रांत ‘कॉगिन्स’ चाचणीचा दाखला जवळजवळ सर्वत्र मागतात. पशुवैद्य लिरॉय कॉगिन्स यांनी १९७०च्या सुमारास विकसित केलेली ही रक्तचाचणी घोड्यांचा संसर्गजन्य पांडुरोग शोधते. गोमाश्यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगावर औषध नाही. राज्याची हद्द ओलांडायची असेल तर त्याबरोबर पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्रही लागते. हे कागद कोणी तपासत नसेल असा तळ सोयीचा वाटतो. वास्तविक तोच टाळायला हवा. २०११च्या मे महिन्यात युटा राज्यातल्या ऑग्डेन येथे झालेल्या एका स्पर्धेतून घरी परतलेल्या घोड्यांनी नागीण-विषाणूचा आजार कित्येक राज्यांत नेला. त्या आजारात घोड्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. नाकातल्या स्रावातून, सामाईक बादल्यांतून आणि माणसांच्या हातांतूनही तो पसरतो. तळावर सामाईक हौद असला तरी घोड्याला स्वतःच्या बादलीतूनच पाणी पाजावे.

मोसमाप्रमाणे एकच तळ चांगला किंवा वाईट ठरतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या असाटीग बेटावर वाळूतली रपेट अप्रतिम असते, पण उन्हाळ्यात डास आणि चावऱ्या माश्या इतक्या असतात की बाहेरच्या घोड्यांना तिथे थंड महिन्यांतच प्रवेश असतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १ जुलैपूर्वी घोड्यासह रात्रीचा मुक्काम करता येत नाही, कारण तोवर कुरणे आणि वाटा ओल्या असतात. तपकिरी अस्वलांच्या मुलखात घोड्याची चंदीसुद्धा माणसाच्या अन्नासारखी अस्वलरोधक पेटीत किंवा उंच टांगून ठेवावी लागते. त्याची सोय तळावर आहे का, हे आधी पाहावे. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो. त्या काळात घोड्याच्या आणि स्वाराच्या अंगावर भडक नारिंगी कापड असणे शहाणपणाचे.

वाटांचा विचार आता, सर्वांत शेवटी. तळापासूनच निघून तळावरच परतणाऱ्या, कमी-जास्त लांबीच्या दोन-तीन वाटा असल्या की पुन्हा ट्रेलर जोडावा लागत नाही. खडकाळ वाटांसाठी घोड्याला नाल ठोकलेले असावेत. त्याच वाटेवर सायकलस्वार येतात का, हेही विचारावे. वळणावर मागून आवाज न करता आलेली सायकल भल्या शांत घोड्यालाही उधळवते.

घोडा दिवसाला वीस किलोच्या वर लीद टाकतो. ती टाकायला तळावर ठरलेली जागा नसेल, तर पोत्यात भरून घरी न्यावी लागते. तळांची निगा स्वार स्वतःही राखतात. मोंटानात १९७३ साली ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही स्वारांची संघटना सुरू झाली, ती रानातल्या वाटा घोड्यांसाठी खुल्या राहाव्यात म्हणून. तिचे स्वयंसेवक आज करवती घेऊन वाटांवर पडलेली झाडे हटवतात आणि तळांची डागडुजी करतात. एखाद्या तळाची खरी स्थिती जाणून घ्यायची असेल, तर संकेतस्थळावरच्या छायाचित्रांपेक्षा संघटनेच्या स्थानिक शाखेला केलेला एक फोन अधिक उपयोगी पडतो.

पहिल्या खेपेला लांबचे प्रसिद्ध उद्यान शोधू नये. घरापासून तास-दीड तासावरचा, पक्के कोंडाळे, नळाचे पाणी आणि मोबाइलला रेंज असलेला तळ निवडावा. जवळच्या पशुवैद्याचा नंबर घ्यावा आणि गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या वारी एकच रात्र राहावे.