शेजाऱ्यांची झोपमोड न करणारा अॅम्प

इलेक्ट्रिक गिटार विकत घेणाऱ्या नवशिक्याच्या एक गोष्ट बरीच उशिरा ध्यानात येते. या वाद्याला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ लाकडी पेटी असते; इलेक्ट्रिक गिटार मात्र बहुधा एक भरीव फळी असते. तारांखाली बसवलेली चुंबके आणि त्यांभोवतीची वेटोळी तारेच्या कंपनाचे क्षीण विद्युतसंकेतात रूपांतर करतात आणि पुढचे सारे काम अॅम्प्लिफायरकडे सोपवले जाते. म्हणूनच गिटारवादकाच्या लेखी अॅम्प हा निव्वळ ध्वनिवर्धक नसून वाद्याचाच उरलेला अर्धा भाग असतो. मुंबई-पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत गिटार येते तेव्हा खरा पेच निर्माण होतो, तो या उरलेल्या अर्ध्या भागाचा.

हा पेच समजून घ्यायचा तर व्हॉल्व्हच्या जुन्या अॅम्पकडे वळावे लागते. घरोघरच्या जुन्या रेडिओत असत तसेच काचेचे व्हॉल्व्ह या अॅम्पमध्ये असतात. आवाज वाढवत नेला की एका मर्यादेनंतर व्हॉल्व्हला संकेत जसाच्या तसा मोठा करणे जमत नाही. ध्वनिलहरींचे माथे चपटे होऊ लागतात आणि त्यातून मूळ स्वरात नसलेले उपस्वर जन्माला येतात. अभियंत्यांच्या दृष्टीने ही विकृती. वादकांनी मात्र तिलाच आपलेसे केले. अमेरिकेतील फेंडर कंपनीचा ‘बासमन’ हा अॅम्प मुळात बास गिटारसाठी बनवलेला. त्याचाच नमुना समोर ठेवून जिम मार्शल या लंडनमधील वाद्यविक्रेत्याने १९६२ मध्ये आपला पहिला अॅम्प सिद्ध केला आणि त्याच दशकात १०० वॅटचे मार्शल रंगमंचावर आले. रॉक संगीतातील गिटारचा जो भारदस्त, किंचित खरखरीत स्वर सर्वांच्या कानात बसला आहे, तो असा क्षमतेपलीकडे ताणलेल्या यंत्राचा स्वर आहे.

आणि यंत्र ताणायचे तर ते मोठ्यानेच वाजवावे लागते! गिटारच्या स्पीकरला अवघा एक वॅट दिला तरी एक मीटर अंतरावर सुमारे ९७ ते १०० डेसिबल आवाज होतो. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या केंद्रीय नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. खासगी वाद्याचा आवाज घराच्या हद्दीपाशी या मर्यादेच्या फार तर पाच डेसिबल वर जाऊ शकतो. भिंतींमुळे आणि अंतरामुळे आवाज उतरतो हे खरे. पण चाळीस डेसिबलची दरी सामान्य विटांची भिंत आणि उघडी खिडकी मिळून भरून काढू शकत नाहीत. त्यातही खर्जाचा भाग स्लॅबमधून खालच्या मजल्यावर पोहोचतो तो वेगळाच. कमी वॅटचा अॅम्प घेतला की प्रश्न सुटेल, हा समज तर फारच भाबडा. १०० वॅटचे ५० केले तर फरक पडतो जेमतेम तीन डेसिबलचा. कानाला आवाज निम्मा वाटावा यासाठी वॅट सुमारे एकदशांशावर आणावे लागतात.

डिजिटल मॉडेलिंग अॅम्पने नेमकी ही गाठ सोडवली. अमेरिकेतील लाइन सिक्स या कंपनीने १९९६ मध्ये ‘अॅक्सिस २१२’ हा अशा प्रकारचा अॅम्प बाजारात आणला आणि दोन वर्षांनी ‘पॉड’ नावाची लाल रंगाची, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची पेटी आणली. या यंत्रांत गिटारचा संकेत दर सेकंदाला चव्वेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजला जातो. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांनी त्या संकेताचे काय केले असते, याचे गणित आतला प्रोसेसर तत्क्षणी मांडतो आणि तयार झालेला स्वर हव्या त्या पातळीवर ऐकवतो. स्वराचा खरखरीतपणा आणि त्याची तीव्रता यांची फारकत झाली. ताणलेल्या मार्शलचा स्वर आता कुजबुजीच्या पातळीवरही ऐकता येऊ लागला.

प्रारंभीच्या यंत्रांचा स्वर जाणकारांना कोरडा, निर्जीव वाटे आणि त्यात तथ्यही होते. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, स्वस्तही झाले. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर ही मालिका आणली, ती उघडपणे टेबलावर ठेवून घरात वाजवण्यासाठीच. त्यातल्या दहा वॅटच्या अॅम्पमध्ये आठ-आठ सेंटिमीटरचे दोन स्पीकर होते आणि तो आठ पेन्सिल सेलवरही चाले. भारनियमनाची सवय असलेल्या महाराष्ट्रात ही सोय किरकोळ मानता येणार नाही. २०१६ मध्ये आलेल्या बॉसच्या ‘कटाना’ने पन्नास वॅटच्या अॅम्पलाही अर्ध्या वॅटवर आणणारे बटण दिले.

तथापि, घरात हा अॅम्प वापरताना कानांचा एक गुणधर्म वारंवार फसवतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्ये हे आलेखांतून दाखवून दिले. रात्री हळू वाजवणारा मुलगा साहजिकच ‘बास’ आणि ‘ट्रेबल’ची बटणे वर चढवतो, मधले स्वर खाली आणतो, आणि त्याला स्वर भरदार वाटतो. तीच मांडणी जतन करून तो महाविद्यालयाच्या गॅदरिंगला नेतो, आवाज मोठा करतो आणि नुसता घुमारा आणि किरकिर ऐकू येते. गिटारचे खरे अस्तित्व असलेले मधले स्वर ड्रम आणि गायकाच्या गदारोळात बुडून जातात. दोष अॅम्पचा नसतो. घराची मांडणी वेगळी आणि रंगमंचाची वेगळी ठेवावी आणि रंगमंचाची मांडणी त्याच तीव्रतेवर बसवावी, हाच त्यावर उपाय.

हेडफोनच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर फारसे ऐकवत नाही. हेडफोन ते सगळे ऐकवतो. म्हणून हेडफोनवर वाजवताना स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारी सोय चालू आहे ना, हे पाहावे. अन्यथा मधमाशांचे मोहोळ उठल्याचा भास होतो. हेडफोन वायरचाच असावा. अॅम्पच्या गणिताला लागणारे काही मिलिसेकंद कानाला जाणवत नाहीत. स्पीकरपासून मीटर-दोन मीटर दूर बसल्यासारखेच ते असते. सर्वसाधारण ब्लूटूथ हेडफोन मात्र बऱ्याचदा शंभराहून अधिक मिलिसेकंद मागे राहतो आणि तार छेडल्यावर स्वर उशिरा आला की ताल सांभाळणे अशक्य होते. मोबाइलवरचे गाणे ब्लूटूथने अॅम्पमध्ये आणून त्याच्या साथीने वाजवायला हरकत नाही.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठा धोका मात्र तंत्राचा नाही, मोहाचा आहे. या अॅम्पमध्ये डझनावारी, कधी शेकड्यांनी तयार स्वर भरलेले असतात आणि रियाजाचा तास ते चाळण्यातच जातो. खरखरीत स्वरात लहानमोठे आघात सारखेच ऐकू येतात. त्यामुळे उजव्या हाताची कच्ची बाजू झाकली जाते. वर थोडा प्रतिध्वनी मिसळला की चुका दिसेनाशाच होतात. निदान निम्मा रियाज तरी स्वच्छ, कोरड्या स्वरावर व्हावा, हे पालकांनी आग्रहाने पाहण्याजोगे आहे.

अस्सल व्हॉल्व्ह अॅम्पची सर याला येते का, हा वाद अजून मिटलेला नाही. ध्वनिमुद्रणात दोन्हींतला फरक ओळखणे आता अनुभवी कानांनाही कठीण जाते. परंतु मोठ्या अॅम्पसमोर उभे राहिले की त्याच्या आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा थरथरतात आणि स्वर लांबतो. हळू आवाजात ते घडणे शक्य नाही, मग गणित कितीही अचूक असो.

खरेदीच्या वेळी आयुर्मानाचाही विचार व्हावा. साठ वर्षांपूर्वीचा अॅम्प नवे व्हॉल्व्ह घालून आजही चालवता येतो. मॉडेलिंग अॅम्पचा मुख्य सर्किट बोर्ड बिघडला तर गल्लीतला कारागीर बहुधा हात टेकतो. काही अॅम्पच्या निम्म्या सोयी केवळ मोबाइलच्या अॅपमधूनच उघडतात. कंपनीने ते अॅप अद्ययावत करणे थांबवले आणि फोन बदलला, की त्या सोयी कुलूपबंद होतात. आवश्यक बटणे अॅम्पच्या दर्शनी पट्टीवरच असलेली बरी. जुना अॅम्प घेताना मूळ अॅडॉप्टर सोबत आहे का, आणि नसल्यास व्होल्टेज व ध्रुवता जुळणारा मिळेल का, तेही पाहावे. अमेरिकेतील नातेवाइकाकडून अॅम्प मागवायचा असेल तर त्याच्या किंवा अॅडॉप्टरच्या मागची पट्टी आधी वाचायला सांगावी. तिच्यावर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल तर प्रश्न नाही. नुसते ‘१२० व्होल्ट’ असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो थेट लावताच जळण्याची शक्यता आहे.