‘मस्करी आहे, सोडून द्या’ म्हणून भागत नाही

जून महिना आला की करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावांत एक गोष्ट हमखास घडते. उर्दू माध्यमात शिकलेली काही मुलं मराठी हायस्कुलात दाखल होतात. वर्गात धडा वाचायला उभं केलं की ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो आणि वर्ग हसतो. पहिल्या दिवशीचं हसणं आम्ही शिक्षक समजू शकतो. पण मग मधल्या सुट्टीत त्याच उच्चाराची नक्कल होते. पुढे डब्यावरून, टोपीवरून, आडनावावरून बोलणं सुरू होतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पोरगं वाचायला उभं राहायचंच बंद होतं. घरी अम्मी-अब्बांना वाटतं की मराठी कच्चं आहे, ट्यूशन लावू. पोरगं मात्र नुसतं घाबरलेलं असतं.

याला आपल्याकडे धड एक शब्द नाही. कोणी चिडवाचिडवी म्हणतं, कोणी दादागिरी, कोणी रॅगिंग. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970 च्या दशकात यावर अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरतात. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि त्रास देणाऱ्याचं पारडं जड असतं, म्हणजे तो वयाने, ताकदीने किंवा संख्येने वरचढ असतो. दोन दोस्त भांडले, एकमेकांची कॉलर धरली आणि दुसऱ्या दिवशी एकत्र डबा खाल्ला, तर ते भांडण. सात जण मिळून रोज एकाचंच दप्तर लपवत असतील तर तो छळ आहे. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालानुसार जगात जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला महिन्याभरात एकदा तरी असा त्रास झालेला असतो.

मारहाण लगेच दिसते, पण मुलींमधला छळ बहुतेक वेळा दिसतच नाही. एकीला ग्रुपमधून काढायचं, तिच्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरवायचं, फोटोवर काहीतरी लिहून व्हॉट्सअॅपवर फिरवायचं. अंगावर वळ नसतो, म्हणून घरात कोणी मनावर घेत नाही. मोबाईलमुळे हा त्रास शाळा सुटल्यावरही सुटत नाही, रात्री उशीपर्यंत येतो.

मूल तोंडाने सांगेल याची वाट पाहू नका. सोमवारी सकाळीच पोट दुखणं, डबा तसाच परत येणं, वह्या-पेनं सारखी हरवणं, नेहमीची एसटी सोडून मागच्या गाडीने येणं, खेळायला जायचं बंद होणं, यातलं काही आठवडाभर दिसलं तर जवळ बसवून विचारा. पण ‘तू काय केलं होतंस?’ हा पहिला सवाल नको. त्या एका सवालाने मूल पुढचे सहा महिने गप्प बसतं.

धर्मावरून होणाऱ्या त्रासाबद्दल मोकळेपणाने बोललं पाहिजे, कारण आपल्या घरांत तो दबक्या आवाजात बोलला जातो. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात एका शिक्षिकेने वर्गातल्या मुलांकरवी एका लहान मुस्लिम मुलाला थपडा मारायला लावल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. तुषार गांधी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. न्यायालयाने त्या मुलाबरोबर, ज्यांना मारायला लावलं त्या मुलांनाही समुपदेशन देण्यास सांगितलं आणि त्याची दिशा ठरवण्यासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची मदत घेतली. आम्हाला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मारणारा हातही लहान मुलाचाच होता.

आता आपल्या घरचं. आपलीच पोरं मोहल्ल्यात कोणाला ‘काल्या’, ‘चकण्या’, ‘लंगड्या’ म्हणतात, एखाद्याची जात काढतात, गरीब घरच्या मुलाच्या चपलेवरून हसतात, तेव्हा आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो. सूरह हुजुरातच्या 11व्या आयतीत एकमेकांची खिल्ली उडवायला आणि वाईट टोपणनावं ठेवायला साफ मनाई आहे. मदरशात ही आयत पाठ असलेलं पोरगंच शाळेत टोपणनाव ठेवत असेल, तर त्याला तिचा अर्थ कोणीतरी सांगायला हवा.

कायद्याचं काय? फिलिपिन्सने 2013 मध्ये खास शाळांसाठी कायदा करून प्रत्येक शाळेला छळाविरुद्ध लेखी धोरण ठेवणं बंधनकारक केलं. भारतात शाळकरी मुलांमधल्या छळासाठी असा स्वतंत्र देशव्यापी कायदा नाही. पण महाराष्ट्रात 1999 चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे. तो फक्त कॉलेजपुरता आहे असं अनेकांना वाटतं. त्यात शैक्षणिक संस्थेची व्याख्या मोठी आहे, वसतिगृहही तिच्यात येतं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, लाज वाटेल असं वागायला लावणं हे सगळं त्यात मोडतं. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तक्रारीकडे काणाडोळा करणारा प्रमुखही जबाबदार धरला जातो. शिक्षकाकडून मारहाण किंवा मानसिक छळ झाला तर शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 लागू होतं.

म्हणून तक्रार लेखी द्या. तारीख, जागा, कोण होतं, काय बोललं गेलं, एवढं एका पानावर लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मोबाईलवरचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, तिथेही दाद मिळाली नाही तर पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. चार भाऊबंद घेऊन शाळेच्या गेटवर जाऊ नका. त्या दिवसापासून तुमचं मूल ‘लफडं करणारं’ ठरतं आणि मूळ तक्रार बाजूला पडते. ‘सब्र कर बेटा’ एवढं सांगून गप्प बसणंही बरोबर नाही. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती आहे का, पेटी कधी उघडतात, हे पालक सभेत विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्या किती अम्मी त्या समितीत आहेत, हाही सवाल आहे.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ नावाचा कार्यक्रम बघणाऱ्या मुलांवर जोर देतो. छळ करणाऱ्याला प्रेक्षक लागतात. हसणारे हसायचे थांबले की मजा जाते. वर्गात हे जमतं. वाचताना अडखळणाऱ्या मुलाशेजारी वर्गातलं सर्वांना आवडणारं एखादं मूल बसवलं की फरक पडतो. भाषणाने एवढं होत नाही. घरीही विचारता येईल, ‘आज वर्गात कोणाला त्रास दिला गेला? तू तेव्हा काय केलंस?’

आणि तुमच्याच मुलाची तक्रार आली, तर शाळेत सगळ्यांसमोर त्याला कानाखाली मारू नका. जोरवाल्याने कमजोराला मारायचं असतं हेच तो त्यातून पुन्हा शिकेल. घरी शांतपणे सगळं ऐका आणि ज्याला त्रास दिला त्याच्या घरी त्याला स्वतः घेऊन जा. घरात त्याला कोण मारतं हेही तपासा. मूल फार खचलं असेल, जगणं नको म्हणत असेल, तर एक दिवसही थांबू नका. 1098 ही मुलांची हेल्पलाईन आणि 14416 ही मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा, दोन्ही मोफत आहेत. नंबर मुलाच्या वहीत लिहून ठेवा.