नागरिकशास्त्राचे गुरुजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलांना वळण लावणे, हक्क-कर्तव्ये शिकवणे हे शाळेचे काम, असे हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावातही कुणीही सांगेल. ते काम करणाऱ्या शिक्षकांविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: नागरिकशास्त्राला वेगळे शिक्षक असतात.
वस्तुस्थिती: प्राथमिक वर्गांत हा भाग ‘परिसर अभ्यासा’त येतो आणि वर्गशिक्षकच तो शिकवतात. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात सामाजिक शास्त्रांचा एक शिक्षक आहे. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळे त्याच्याच गळ्यात. चीनमध्ये २०१६पासून यासाठी ‘नैतिकता आणि कायदा’ असा वेगळा विषय आहे. पण तिथल्या खेड्यांतही तो अनेकदा भाषेचे शिक्षकच जोडीला घेतात.

गैरसमज: मूल्यशिक्षण म्हणजे परिपाठ.
वस्तुस्थिती: प्रतिज्ञा आणि सुविचार ही फक्त सुरुवात. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू केला. त्यात उपदेशापेक्षा जोडीतली चर्चा, गटकाम आणि खेळ यांवर भर आहे. असा तास घ्यायचा तर आधी तयारी लागते. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, ते या तयारीसकट.

गैरसमज: विषय सोपा, धडा वाचून दाखवला की झाले.
वस्तुस्थिती: ग्रामपंचायतीचा धडा शिकवताना समोर सत्ताधाऱ्यांची मुले असतात आणि विरोधकांचीही. जिल्हा परिषद शिक्षकाला १९६७च्या वर्तणूक नियमांमुळे राजकारणात भाग घेता येत नाही. तरीही राजकारण कसे चालते, हे कुणाची बाजू न घेता त्यालाच समजावून सांगावे लागते.

गैरसमज: गुरुजींना कोणतेही सरकारी काम लावता येते.
वस्तुस्थिती: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना मुभा आहे. मतदार यादीचे काम सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याची वेळ सोडून द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये सांगितले आहे.

गैरसमज: यात पालकांचे काही चालत नाही.
वस्तुस्थिती: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. गुरुजी वर्गाबाहेर किती दिवस होते आणि कोणत्या कामासाठी, हे तिथे विचारता येते.